कोल्ड ब्रू मुंबईच्या ओट्यावर का बिघडते

पार्ल्याच्या एका ताईंनी विचारलंय, ते थोडक्यात असं: "व्हिडिओ बघून घरी कोल्ड ब्रू, म्हणजे गार पाण्यात तासन्‌तास भिजवून काढायची कॉफी, केली. दुकानातली फिल्टर कॉफीची पावडर घेतली, कपाने मोजून पाण्यात घातली, बरणी रात्रभर ओट्यावर ठेवली आणि सकाळी फडक्यातून घट्ट पिळून गाळली. गढूळ झाली, कडूही लागली. चौथ्या दिवशी बाटलीचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला. अर्धी बाटली अजून फ्रीजमध्ये आहे, टाकवत नाही. मशीन घ्यावं का? आणि कोल्ड ब्रूने पित्त होत नाही म्हणतात, ते खरं का?"

मशीन घेऊ नका. बाकीचं नीट सांगते, कारण तुमची चूक एक नाही, बऱ्याच आहेत. मात्र त्यातली एकही तुम्ही कृती मोडल्यामुळे झालेली नाही. उलट कृती तंतोतंत पाळल्यामुळे झाल्या आहेत. त्या व्हिडिओतली बाई म्हणते, "रात्रभर खोलीच्या तापमानाला ठेवा." तिची खोली वीस-बावीस अंशांची. मे महिन्यात आपल्याकडे पहाटे चार वाजताही पारा सत्तावीसच्या खाली उतरायला तयार नसतो, आणि स्वयंपाकघर म्हणजे शेजारी फ्रीजची गरम पाठ आणि रात्री उशिरापर्यंत पेटलेला गॅस. आपली ओट्यावरची रात्र आणि तिची रात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चौदा वर्षं मी कॉफी भाजते, चाखते आणि लोकांना करायला शिकवते. मुंबईतल्या बिघडलेल्या कोल्ड ब्रूपैकी निम्म्या तरी या एका वाक्याने बिघडवलेल्या मी पाहिल्यात.

पहिली माझीच. एका भाचीच्या साखरपुड्यासाठी मी आठ लिटर करायला घेतली होती. फ्रीजमध्ये आमरसाची दोन पातेली ठाण मांडून बसली होती, म्हणून कॉफीचा स्टीलचा डबा ओट्यावरच राहिला, तब्बल अठरा तास. सकाळी झाकण काढलं तेव्हा वर बारीक बुडबुड्यांची कड धरली होती आणि वास ताकाच्या भांड्यासारखा. सगळी मोरीत ओतली, धावत जाऊन कैऱ्या आणल्या आणि पाहुण्यांना पन्हं दिलं. लोकांनी पन्ह्याचं इतकं कौतुक केलं की मला अजून राग येतो.

आता मुळाशी जाऊ. गरम पाणी चार मिनिटांत कॉफीतून जे काढतं, ते काढायला गार पाण्याला तास न् तास लागतात. पण फरक नुसता वेळेचा नाही. गार पाण्यात सगळं सारख्या प्रमाणात उतरत नाही. कॅफीन बऱ्यापैकी सहज येतं, गोडसर आणि चॉकलेटकडे झुकणारी चव येते. काही आम्लं, काही कडवट पदार्थ आणि कॉफीचा उडून जाणारा सुगंध मात्र उष्णतेशिवाय फारसा बाहेर येत नाही. म्हणून चांगली कोल्ड ब्रू जिभेला मऊ, जड आणि थोडी गोडसर लागते, पण कप नाकाशी नेल्यावर गरम कॉफीसारखा घमघमाट येत नाही. तो आला नाही म्हणून काही चुकलं असं समजू नका. आणि हो, उडुपी हॉटेलात किंवा कॉलेजच्या कँटीनमध्ये मिळते ती कोल्ड कॉफी वेगळी. ती इन्स्टंट पावडर, दूध, साखर मिक्सरमध्ये फिरवून करतात, नशीब असेल तर वर आइस्क्रीमचा गोळा. इन्स्टंट पावडर म्हणजे एकदा काढून वाळवलेला अर्कच असतो, त्याला रात्रभर भिजत घालून काही मिळत नाही.

पहिली चूक पावडरची. तुमच्या पाकिटाची मागची बाजू वाचा. त्यावर कॉफी इतके टक्के, चिकोरी इतके टक्के असं छापलेलं असतं, छापावंच लागतं. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे अशा मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी, म्हणजे उरलेले ४९ टक्के चिकोरी असली तरी ते कायदेशीर आहे. चिकोरी हे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. त्यात कॅफीन नसतं, पण पाण्यात ते कॉफीपेक्षा जास्त आणि झटकन विरघळतं, रंग गडद करतं, चवीला खरपूस कडूगोड. स्टीलच्या फिल्टरमधल्या दुधाच्या कॉफीला तो दाटपणा हवाच असतो, तिथे मी चिकोरीच्या बाजूची आहे. पण बारा-पंधरा तास पाण्यात भिजली की चिकोरीचा कडवटपणा पुढे येतो आणि कॉफी मागे राहते. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला चिकोरी घालूनच गार कॉफी करतात, पण त्यात ते भरपूर दूध आणि साखर घालतात. तुम्हाला काळी प्यायचीय, तर शुद्ध कॉफी घ्या.

दुसरं त्याच पावडरचं: ती बारीक असते. फिल्टर कॉफी जवळजवळ बारीक रव्यासारखी दळतात, कारण तिथे गरम पाणी वरून पडून हळूहळू झिरपायचं असतं. तीच पावडर रात्रभर बुडवून ठेवली की कडू, तुरट जे काही आहे ते सगळं उतरतं, वर तिचा गाळ फडक्याच्या विणीत जाऊन बसतो. तुम्हाला पिळावं लागलं ते त्यामुळे. कोल्ड ब्रूला दळण किती जाड हवं? शिऱ्याच्या रव्यापेक्षा जाड आणि लापशीच्या रव्यापेक्षा किंचित बारीक. चिमूट घेऊन बोटांत चोळली तर कण वेगवेगळे टोचले पाहिजेत, बोटाला पीठ लागता कामा नये. हे एवढं जमलं तर निम्मं काम झालं.

माटुंग्याला, किंग्ज सर्कलच्या आसपास, कॉफी समोर भाजून-दळून देणारी जुनी दुकानं आहेत. तिथे जाऊन नुसतं "पाव किलो कॉफी" म्हणालात तर दुकानदार सवयीने फिल्टरचं दळण आणि चिकोरीची टक्केवारी विचारेल. तुम्ही सांगायचं: चिकोरी नको, प्लँटेशन ए किंवा पीबेरी (ही दाण्यांच्या प्रतींची नावं) द्या, आणि सगळ्यात जाड दळा. मला तिथे दर वेळी ऐकवतात, "मॅडम, एवढं जाड? कॉफी उतरणार नाही, वाया जाईल." मी म्हणते, जाऊ दे वाया. मग ते गिरणीची चकती फिरवतात आणि पहिली मूठभर बाजूला काढतात, कारण आधीच्या गिऱ्हाइकाची बारीक पावडर यंत्रात अडकलेली असते. त्यांनी नाही काढली तर तुम्ही सांगून काढायला लावा. त्या मूठभर पिठाने अख्खी बरणी गढूळ होते.

घरी दळायचं असेल आणि हाताने फिरवायचा बर ग्राइंडर (दोन दातेरी चकत्यांमध्ये दाणे भरडणारा) नसेल, तर मिक्सर चालतो, पण चटणीसारखा फिरवू नका. चटणीचं छोटं भांडं घ्या. आधी मूठभर कोरडे तांदूळ फिरवून टाका, नाहीतर कॉफीला कालच्या लसणाचा वास येईल (तांदूळ कोंबडीवाल्याला द्या, खाऊ नका). मग भांडं एक तृतीयांश भरेल एवढेच दाणे घालून बटण उलटं फिरवत दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवा. सहा-सात झटके पुरतात. शेवटी मैद्याच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळा. खाली पडेल ते पीठ दुधात उकळून कॉफी करायला ठेवा, वर राहील ते बरणीसाठी. मिक्सरच्या पात्याने कण सारखे होत नाहीत, थोडे दगड आणि थोडं पीठ असंच होतं, पण चाळल्यावर पीठ तरी जातं. मशीनचे पैसे वाचवून काही घ्यायचंच असेल, तर हा हाताचा ग्राइंडर घ्या.

कुठली कॉफी, यावर मी फार वेळ घालवणार नाही, कारण कोल्ड ब्रू या बाबतीत उदार आहे. मध्यम किंवा मध्यमहून थोडी गडद भाजलेली अरेबिका जातीची कॉफी, भाजल्याची तारीख महिन्याभराच्या आतली. गरम काळ्या कॉफीला मी इतकी जुनी वापरणार नाही, इथे खपून जाते. चिकमगळूर, कोडगू, अराकू, कुठलीही घ्या. रोबस्टा ही दुसरी जात घातली तर दाटपणा येतो पण कॅफीन जवळजवळ दुप्पट होतं, हे लक्षात ठेवून घाला. एक नाव मात्र आवर्जून सांगते: मान्सून्ड मलबार. कॉफीचे हे दाणे जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या उघड्या गोदामांत पसरून ठेवतात, पावसाळी दमट वारं त्यांना लागू देतात. दाणा फुगतो, पिवळट होतो आणि त्यातला आंबटपणा जवळजवळ निघून जातो. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला पोचेपर्यंत महिनोन्‌महिने लागायचे, तेव्हा दाण्यांचं हे आपोआप व्हायचं. वाफेची जहाजं आली, प्रवास छोटा झाला, आणि तिकडचे लोक जुनी चव मागू लागले. आपल्या पावसाने एरवी आपल्या पापडांचं जे होतं, त्याचंच इथे पैसे मिळवून देणारं काम झालंय. कोल्ड ब्रूला ही कॉफी फार छान जाते, दुधात घालणार असाल तर जास्तच. महाराष्ट्रात चिखलदऱ्यालाही थोडी कॉफी होते. मिळाली तर कौतुकाने घ्या, पण तिच्यासाठी अडून बसू नका.

पाण्याबद्दल. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा, विहार, तुळशी अशा तलावांचं पाणी येतं, ते मुळातच मृदू आहे. आरओचं यंत्र त्यातले उरलेसुरले क्षारही काढून टाकतं आणि मग कॉफी पुचाट लागते. क्षार थोडे हवेत, चव धरून ठेवायला. नळाचं पाणी असेल तर ते नुसतं दहा मिनिटं उकळून, झाकून गार करून वापरा. क्लोरीनचा वासही जातो. तुमच्या इमारतीत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओच बरं. उकळायचं मी चवीपुरतं सांगत नाहीये. गरम कॉफीत पाण्याचे दोष उकळण्यात मरतात, इथे पाणी शेवटपर्यंत गरम होतच नाही. जे पाणी तुम्ही तसंच प्यायला धजणार नाही, ते कोल्ड ब्रूमध्ये घालू नका. बर्फालाही तेच पाणी. जून-जुलैत तर नक्कीच.

प्रमाण कपाने नाही, वजनाने. जाड दळलेली कॉफी कपात पोकळ बसते, बारीक दाबून बसते, त्यामुळे तोच कप कधी साठ ग्रॅम भरतो तर कधी नव्वद. केक करणाऱ्या घरात छोटा काटा असतोच. १०० ग्रॅम कॉफीला ६०० मिली पाणी घ्या. चोथा आपल्या वजनाच्या दुपटीइतकं पाणी पिऊन बसतो, म्हणजे २०० मिली गेलंच, घाबरू नका. हातात ४०० मिली दाट अर्क येतो, तो पिताना तितकंच पाणी किंवा दूध घालून पातळ करायचा. काही लोक एकास बारा घालून थेट पिण्यासारखीच करतात. तीही चांगली होते, पण तेवढी बरणी मुंबईच्या फ्रीजमध्ये ठेवायची कुठे?

आता ती रात्र. दीड लिटरची काचेची बरणी घ्या. लोणच्याची नको, तिचा वास सात जन्म जात नाही. ती आणि झाकण उकळत्या पाण्याने धुऊन कोरडी करा. कॉफी घाला, साध्या तापमानाचं पाणी घाला, लाकडी किंवा स्टीलच्या लांब चमच्याने तळापासून ढवळा. वर कोरडे डोंगर राहतात, ते बुडवा. दहा मिनिटांनी पुन्हा एकदा ढवळा. झाकण लावून दीड-दोन तास ओट्यावर राहू द्या, म्हणजे सुरुवातीचं उतरणं लवकर होईल, आणि मग फ्रीजमध्ये चौदा ते सोळा तास. माझ्याकडे संध्याकाळी सहाला भिजते, आठला आत जाते, दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-साडेदहाला निघते. वीस तासांच्या पुढे जाऊ नका. पुढे चव वाढत नाही, लाकडासारखी तुरट होत जाते. डिसेंबर-जानेवारीत एखाद्या गार रात्री, खिडकी उघडी असेल आणि पारा विशीच्या खाली असेल, तर दहा तास बाहेर ठेवून पाहायला हरकत नाही. व्हिडिओतली कृती आपल्याकडे वर्षातून तेवढीच पंधरा-वीस दिवस लागू पडते.

सुगंधाची फार हौस असेल तर एक आडवाट आहे. ६०० पैकी १५० मिली पाणी उकळत्याहून जरासं उतरलेलं घ्या, ते कॉफीवर ओता, पाऊण मिनिट थांबा आणि लगेच उरलेलं फ्रीजमधलं गार पाणी ओता. कॉफी फुलून फेस येतो, वास मोकळा होतो, पण थोडा आंबटपणाही येतो. मला आवडते. शुद्धतावाद्यांना ती कोल्ड ब्रू वाटत नाही.

गाळणं. इथे घाई करू नका, कारण चांगली झालेली कॉफी लोक इथेच घालवतात. बरणी फ्रीजमधून काढल्यावर वर कॉफीचा एक थर तरंगत असतो. चमच्याने एकदाच हलकं ढवळून तो मोडा आणि बरणी दहा मिनिटं हलवू नका. बरंच जड खाली बसेल. मग आधी साध्या चहाच्या गाळणीतून पातेल्यात ओता, सावकाश, तळाचा चिखल शेवटी येऊ द्या. हे झालं मोठं गाळणं. दुसऱ्या पातेल्यावर मलमलचं फडकं चार पदरी करून बसवा, श्रीखंडाचा चक्का बांधायला घेतो तसलंच, कडांना कपड्यांचे चिमटे लावा, आणि गाळलेला अर्क त्यावर थोडा थोडा ओता. सुरुवातीला धार लागते, मग थेंब, मग थेंबही थांबतात. हात शिवशिवतात ते इथे. चक्का बांधलेला असतो तेव्हा पिळायची जी सवय हाताला आहे, ती विसरा. पिळलं की विणीत अडकलेली अगदी बारीक पूड आणि तेलकट कडवटपणा एका झटक्यात खाली उतरतो, आणि स्वच्छ तांबूस-काळ्या अर्काचं चिखलाचं पाणी होतं. थांबली तर फडकं अर्धा वीत बाजूला सरकवा, नवी स्वच्छ जागा मिळते, धार पुन्हा सुरू. वीस-पंचवीस मिनिटं लागतात. शेवटचा घोट-दोन घोट गाळ तळाशी राहिला तर राहू द्या. झालं का हे पाहायचं तर काचेच्या ग्लासात घेऊन खिडकीकडे धरा: कडेला लालसर, आरपार दिसलं पाहिजे.

पहिल्या गाळणीतल्या चोथ्यावर १०० मिली गार पाणी गोल फिरवत ओता आणि तेही फडक्यातून गाळून अर्कात मिसळा. चोथ्याने गिळलेल्या चांगल्या कॉफीतली बरीच परत मिळते. पिळून मिळवायची गरज उरत नाही. सगळं धरून साधारण अर्धा लिटर होईल.

फडक्याचं वेगळं सांगते कारण तुमचा फुस्स आवाज बहुतेक तिथून आला. भाजलेल्या कॉफीत जिवंत असं काही उरत नाही. जे येतं ते बाहेरून येतं: हात, बरणी, पाणी आणि सगळ्यात जास्त करून फडकं. मंगळदास मार्केटमधून मीटरभर कोरी मलमल आणा, खळ जाईपर्यंत दोनदा उकळा, आणि ती फक्त कॉफीसाठी ठेवा. साबण, सुगंधी पावडर काही लावायचं नाही, नाहीतर कॉफीला लाँड्रीचा वास येतो. वापरली की लगेच धुऊन, उकळून, कडक उन्हात. पावसाळ्यात ऊन नसतं आणि दोरीवरचं फडकं तिसऱ्या दिवशीही ओलसरच, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी पुन्हा उकळा. एवढा उपद्व्याप नको असेल तर कागदी फिल्टर. तो कधीच कुबट होत नाही, फक्त संपतो. चोथा सिंकमध्ये टाकू नका, नळी तुंबते. उन्हात वाळवून कुंडीतल्या मातीत चिमूटभर मिसळा. ओला घातलात तर बुरशी धरेल.

मशीनचा प्रश्न इथेच संपवते. १९६४ साली अमेरिकेत टॉड सिम्पसन नावाच्या केमिकल इंजिनिअरने घरगुती कोल्ड ब्रूचं भांडं काढलं, ते टॉडी नावाने आजही विकलं जातं. आत काय आहे? एक डबा, तळाला भोक, भोकावर जाड फेल्टची चकती आणि खालून रबरी बूच. तुमच्या बरणीत आणि त्यात फरक त्या चकतीचा. घरात फ्रेंच प्रेस (दांड्याला जाळी लावलेलं कॉफीचं भांडं) असेल तर ती भिजवायला आणि मोठं गाळायला उत्तम, पण तिची जाळी दाबून कॉफी पिळू नका, आणि पुढे फडकं लागतंच.

प्यायची कशी, हे तुमचं तुम्ही ठरवा. माझं रोजचं: ग्लासभर बर्फ, १०० मिली अर्क, तितकंच पाणी. साखर गार पाण्यात तळाशी बसून राहते, म्हणून पाक करून ठेवा, साखर आणि पाणी समसमान, फक्त विरघळेपर्यंत गरम. गुळाचा पाक दुधाच्या कोल्ड ब्रूत फार छान लागतो. शहाळ्याच्या पाण्यात अर्क घातला तर साखर लागतच नाही. दुपारी दोनला लोकलमधून उतरून आलेल्या माणसाला हे द्या. आणि जायफळ. आमच्या सासूबाई कॉफीत जायफळ नसेल तर तिला कॉफी मानत नाहीत. बरणीत जायफळ टाकून पाहिलं, गार पाण्यात त्याचा वास उतरलाच नाही, नुसता कडवटपणा आला. आता मी ते साखरेच्या पाकात उगाळून घालते, पाक गरम असतानाच. सासूबाईंनी पहिला घोट घेऊन "गार आहे, पण कॉफी आहे" असं म्हटलं. या घरात याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

पित्ताचं. कोल्ड ब्रूत आम्ल नसतं ही समजूत चुकीची आहे. २०१८ साली फिलाडेल्फियातल्या संशोधकांनी गरम आणि गार दोन्ही काढून मोजलं, तर दोन्हींचा पीएच (आम्लता मोजायचं माप) जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. फरक होता तो एकूण आम्लांच्या प्रमाणात, ते गरम कॉफीत जास्त भरलं. म्हणून जिभेला ती सौम्य लागते, काहींच्या पोटालाही लागत असेल. पण कॅफीन स्वतःच पोटातलं आम्ल वाढवतं, आणि ते इथे कमी नाही. ढोबळ हिशेब करा: अरेबिकात सव्वा टक्क्याच्या आसपास कॅफीन, म्हणजे १०० ग्रॅम कॉफीत सुमारे १२०० मिलिग्रॅम. चोथ्यात राहील ते वजा जाता १०० मिली अर्कात दीडशेच्या आसपास येतं. दोन ग्रॅम इन्स्टंट पावडरच्या कपात साठेक असतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं युरोप-अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्था मानतात, गरोदरपणात २००. तेव्हा दिवसाला दोन ग्लास, तेही रिकाम्या पोटी नको. गार आणि गोडसर असल्यामुळे ती सरबतासारखी पटापट जाते, गोची तिथे आहे. अंगात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच तासांनीही शिल्लक असतं, म्हणून संध्याकाळी पाचनंतरचा ग्लास मी तरी घेत नाही. पित्ताची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, मला नाही.

ठेवायची कशी: अर्क पातळ न करता, काचेच्या स्वच्छ बाटलीत, फ्रीजच्या आतल्या बाजूला. दारात नको, दर वेळी दार उघडलं की गरम हवा पहिली तिथेच लागते. झाकणावर तारखेची चिठ्ठी चिकटवा, सात दिवसांत संपवा. पाणी घातलेली दोन दिवस, दूध घातलेली त्याच दिवशी. तिला हवाबंद पॅक करून महिनोन्‌महिने ठेवायच्या कल्पनेच्या वाटेला जाऊ नका. कोल्ड ब्रू इतकी आंबट नसते की हवेशिवाय वाढणाऱ्या घातक जिवाणूंना रोखेल, आणि ते वासाने कळतही नाहीत. आणि रात्री वीज चार-पाच तास गेली असेल, तर सकाळी बाटली नुसती हुंगून निर्णय घेऊ नका.

बदल सगळे एकदम करू नका. या शनिवारी तीच कृती, फक्त कॉफी शुद्ध आणि जाड दळलेली घेऊन आणि बरणी फ्रीजमध्ये ठेवून करा. कडूपणा आणि आंबणं दोन्ही तिथेच थांबेल. पुढच्या वेळी गाळण्याकडे वळा.

आता ती अर्धी बाटली. फुस्स आवाज म्हणजे आत आंबणं सुरू होऊन वायू तयार झालाय. उकळून घेतली तर चालेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचाराल: नाही. आजच ओतून द्या, झाकणाची रबरी कडी काढून टाका, ती परत वापरू नका, आणि बाटली उकळत्या पाण्याने दोनदा धुऊन उन्हात उलटी ठेवा. ते फडकंही टाका. नवीन मलमल येईपर्यंत कागदी फिल्टर वापरा.